साठ झुरके

गुरुवार हा बाबांचा न्हाण्याचा दिवस. घरी ते रोज अंघोळ करतच, पण गुरुवारी कोपऱ्यावरच्या सार्वजनिक स्नानगृहात जाऊन तासभर गरम पाण्यात बसायचं आणि अंग घासून घ्यायचं, हा एकतीस वर्षं इंचॉनच्या रस्त्यांवर बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाने स्वतःला दिलेला हक्क होता. मे महिन्यातल्या त्या गुरुवारीही ते नेहमीसारखेच निघाले. प्लॅस्टिकच्या टोपलीत साबण, वस्तरा, अंग घासायचा हिरवा हातमोजा. वाफेने खराब होते म्हणून ई-सिगारेट त्यांनी दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर ठेवली, आणि ठेवण्याआधी बाजूचं बटण दाबून तिच्या नखाएवढ्या पडद्यावरचा, त्या दिवसाच्या झुरक्यांचा आकडा मोठ्याने वाचला. "अकरा." पाळी संपल्यावर बस दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात देताना किलोमीटरचा आकडा सांगतात तसा, कुणाला उद्देशून नाही, पण कुणीतरी ऐकावा म्हणून. त्यांची मुलगी हेइन आतल्या खोलीत शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होती. तिने "हं" म्हटलं. दार लागलं, कुलपाची धून वाजली, लिफ्ट नवव्या मजल्यावर येऊन थांबली आणि खाली गेली. तिचा आवाज पुरता विरेपर्यंत हेइन खुर्चीत बसून राहिली. मग उठली.

स्वयंपाकघरात शेगडीवरचा पंखा लावून, त्याच्या जाळीखाली चेहरा नेऊन ती ओढायची. बाबांच्या ई-सिगारेटमधल्या द्रवाला मनुकांसारखा काहीसा वास होता, म्हाताऱ्या माणसाने निवडलेला वास. पहिल्या झुरक्याला छातीत काहीतरी सैल पडायचं, आणि ते सैल पडण्याआधी किती घट्ट होतं हे तेव्हाच कळायचं. स्वतःची ई-सिगारेट तिने फेब्रुवारीत टाकून दिली होती, इमारतीच्या फाटकापाशी जुन्या बॅटऱ्या टाकायचा डबा असतो त्यात. डब्यात पडल्याचा खट् असा आवाज झाला होता आणि त्या आवाजासरशी हलकं वाटलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी एक गोष्ट मनासारखी संपवली होती. ते हलकेपण नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी, बाबा स्नानगृहात गेलेले असताना, तिचा हात चपलांच्या कपाटावर गेला. आणि गंमत अशी की त्यानंतरही, कुणी विचारलं असतं तर, आपण सोडलं आहे असंच तिने अगदी मनापासून सांगितलं असतं. तिच्याजवळ वस्तूच नव्हती. द्रव ती विकत घेत नव्हती. जो आकडा वाढत होता तो दुसऱ्याच्या पडद्यावर वाढत होता. इतरांच्या पुस्तकांतल्या चुका शोधण्यात जिची वीस वर्षं गेली, तिला स्वतःच्या मनातलं हे वाक्य एकदाही खटकलं नव्हतं.

बाबांसाठी ते यंत्र तिनेच आणलं होतं, दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी त्यांच्या छातीचं चित्र दिव्यासमोर धरून सिगारेट बंद म्हणून सांगितलं तेव्हा. दुकानात तिने एकसारख्या दोन घेतल्या आणि दुसरी मैत्रिणीसाठी आहे असं दुकानदाराने न विचारताच सांगून टाकलं. बाबांनी सिगारेटचं अर्धं पाकीट पहारेकऱ्याला देऊन टाकलं आणि पुन्हा घेतलं नाही. शब्द दिला म्हणजे दिला. पण यंत्राची अडचण वेगळी होती. सिगारेट संपते. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून, इंजिन बंद करून, एक पेटवायची, ती बोटांपर्यंत आली की पुन्हा निघायचं, असं त्यांचं आयुष्यभर चाललेलं. दिवसाला आठ फेऱ्या, आठ सिगारेटी, घरी दोन. यंत्राला शेवटचा थांबाच नव्हता. बेसबॉलची मॅच बघताना, तांदूळ धुताना, फोनवर बोलताना, अंथरुणात पडल्या पडल्यासुद्धा ते ओठाला लागलेलं असायचं. डॉक्टर म्हणाले, आता हेही कमी करा. निकोटिन नऊवरून सहावर आणलं, सहावरून तीनवर. जितकं सौम्य झालं तितके झुरके वाढले. एकदा दिवसअखेर पडद्यावर दोनशे चाळीस होते. बाबा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्या वेळात मी सोल शहरात जाऊन आलो असतो." मग त्यांनी वेळापत्रक आखलं. डेपोत असायचं तसं, पट्टीने रेघा मारून, तांदळाच्या वड्यांच्या दुकानाने दिलेल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. सकाळी उठल्यावर तासभर नाही. जेवणानंतर दहा. मॅचला पंधरा. अंथरुणात अजिबात नाही. एकूण साठ. यंत्राची जागा चपलांच्या कपाटावर. त्या जागेला त्यांनी डेपो असं नाव दिलं होतं. फेरी झाली की गाडी डेपोत. महिनाभरात ते खरोखर साठावर आले, आणि रात्री निजण्यापूर्वी तो आकडा कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहिताना त्यांचा चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा दिसायचा. मार्चपासून आकडे जुळेनासे झाले. एकाहत्तर. चौसष्ट. एकोणऐंशी.

त्या गुरुवारी ते न्हाऊन आले, गालांवर लाली, केस ओले, आणि एक बूट काढून दुसरा तसाच पायात ठेवून त्यांनी यंत्र उचललं. बटण दाबलं. हेइन खोलीच्या दारात उभी होती. पाणी प्यायला म्हणून उठली होती की त्यांना बघायला, हे तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही. ते उंबऱ्यावर बसले.

"बावीस," ते म्हणाले. "निघताना अकरा होते ना गं?"

"माझं लक्ष नव्हतं, बाबा."

"मी मोठ्याने वाचले होते. अकरा." ते पायातल्या बुटाकडे बघत होते. "जिन्यात ओढली की काय मी? पण हे तर इथेच होतं."

त्या क्षणी सांगता आलं असतं. अडीच सेकंदांचं काम होतं. बाबा ओरडले नसते. ते कधीच कुणावर ओरडले नाहीत, मधेच आडव्या येणाऱ्या मोटारसायकलींवरसुद्धा. पण ती तेरा-चौदा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर थांब्यावर उभी होती, आणि पलीकडे आडोशाला कॉलेजची एक मुलगी पाठ फिरवून सिगारेट ओढत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "कुणाची तरी मुलगी असेल." बस्स, एवढंच. त्यात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. कुणाच्या घरी दुखणं आलं की आवाज जसा खाली येतो तसा आला होता. हेइनने बाविसाव्या वर्षी प्रकाशकाच्या कचेरीतल्या मागच्या जिन्यात, दोन सहकारी बायकांबरोबर, पहिली सिगारेट ओढली तेव्हा ते वाक्य तिच्याबरोबर जिन्यात होतं, आणि मग प्रत्येक जिन्यात होतं. पुदिन्याच्या गोळ्या, हातांना लावायचं मलम, बदलायचे कपडे. बावीस वर्षं तिने ते वाक्य बाबांच्या तोंडून दुसऱ्यांदा निघू दिलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही ओढून विसरत असाल."

 त्यांनी दुसरा बूट काढला, दोन्ही बूट जोडीने कपाटात ठेवले, यंत्र डेपोत ठेवलं. दुपारी तिने शिंपल्यांच्या रश्श्यातल्या शेवया केल्या. खाताना त्यांनी स्नानगृहातल्या प्यो नावाच्या मित्राची गोष्ट सांगितली. प्यो आज कपाटाचा नंबर विसरला. किल्ली मनगटाला बांधलेली, किल्लीवर नंबर लिहिलेला, आणि हा नागडाउघडा एकेका कपाटाला हात लावत फिरतोय. सांगताना ते हसले, आणि मग हसणं अर्ध्यावर ठेवून किमचीचा तुकडा उगाच दोनदा कापला. तीन वाजता त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आरोग्य केंद्रात जाऊन येतो म्हणाले, साठीनंतर ती स्मरणशक्तीची चाचणी करतात, एकदा करून टाकतो. "तेवढ्यासाठी?" असं तिने विचारलं, आणि मुद्रितांवरून मान न उचलता "जाऊन या" म्हटलं. यंत्र ते कपाटावरच ठेवून गेले. गेल्यावर तिने त्याला हात लावला नाही. त्या दुपारी लावला नाही, हे पुढे कित्येक दिवस ती स्वतःला एखाद्या सत्कृत्यासारखं सांगत राहिली.

पाच वाजून दहा मिनिटांनी, केंद्रासमोरच्या थांब्यावरच्या बाकावर, ते एका बाजूला कलले. आलेल्या बसच्या ड्रायव्हरने आधी पाहिलं, कारण इतकी वर्षं हात करून बस थांबवणारी माणसं बघितलेल्याला हात न करणारा माणूस लगेच दिसतो. छातीतली मोठी रक्तवाहिनी फुटली होती. इस्पितळातल्या डॉक्टरने सांगितलं की ती बऱ्याच वर्षांपासून पातळ होत आली असणार, कधीही, कुठेही झालं असतं. ते ऐकून सगळ्यांना बरं वाटलं. हेइनलाही वाटायला हवं होतं. पण बाबांच्या कोटाच्या खिशात चाचणीचा घडी केलेला कागद होता. तीसपैकी अठ्ठावीस. खाली गोल अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, उत्तम.

ते अठ्ठावीस तिला सोडेना. शोकाचे तीन दिवस, काळे कपडे, येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे वाकणं, बस डेपोतून आलेले म्हातारे ड्रायव्हर एका टेबलाशी बसून झणझणीत रस्सा खाताना बाबांच्या मार्गावरचे सगळे थांबे क्रमाने आठवू बघत होते आणि दोन थांब्यांवरून त्यांच्यात जुंपली होती, हे सगळं तिला काचेपलीकडून दिसावं तसं दिसलं. काचेच्या अलीकडे एकच प्रश्न होता. कागदावर वेळ छापलेली होती: चार वाजून बत्तीस मिनिटं. म्हणजे अडतीस मिनिटं बाबा आपलं डोकं शाबूत आहे हे ठाऊक असलेला माणूस म्हणून जगले. आणि आपलं डोकं शाबूत असेल तर बावीसमधले अकरा कुणाचे, हा प्रश्न ज्याने एकतीस वर्षं मिनिटांशी मिनिटं जुळवली त्याला पडल्यावाचून राहिला असेल? घरात माणसं दोन. त्यांनी बाकावर बसून ते मनात मांडलं असेल का? मांडलं असेल तर उत्तर येईपर्यंत वेळ मिळाला का? तिने अनेक पुस्तकं वाचली होती, त्यांत मरणाऱ्या माणसांच्या डोक्यात शिरणारी पुष्कळ होती, आणि ती सगळी आता तिला उद्धट वाटू लागली. बाबांच्या फोनमध्ये शेवटचा फोन काकांना केलेला दिसत होता, चार एक्केचाळीसला, चार मिनिटांचा. काका म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, गितेक. खाली दक्षिणेला गावी राहतात. काय बोलणं झालं हे ती काकांना विचारू शकली असती. शोकगृहात ते तीन दिवस तिच्या शेजारी बसले होते. तिने विचारलं नाही.

आणि ती बाबांचं यंत्र ओढत राहिली. आता पंखा लावायची गरज नव्हती, तरी लावायची. वेळापत्रक भिंतीवर तसंच होतं आणि ती ते पाळू लागली: उठल्यावर तासभर नाही, जेवणानंतर दहा, अंथरुणात अजिबात नाही. रात्री आकडा कॅलेंडरवर लिहायची. साठ. साठ. अठ्ठावन्न. जूनमध्ये तिने साठाचे पन्नास केले, जुलैत चाळीस. कुणालाही ही सुधारणाच वाटली असती. काही संध्याकाळी हातापायांना मुंग्या यायच्या, मुद्रितावरची अक्षरं सरकायची, चाळिसावा झुरका झालेला असायचा आणि अजून साडेसातच वाजलेले असायचे. तेव्हा ती बूट घालून इमारतीभोवती फेऱ्या मारायची, जिभेच्या टोकावर आल्याचा तुकडा धरून. हे सगळं तिला जमत होतं. इतकी वर्षं न जमलेलं आता कसं जमतं, याचं उत्तर साधं होतं. आकडे जुळत होते. त्या पडद्यावर आता दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं, आणि रोज रात्री बटण दाबून जुळलेला आकडा पाहणं ही शिक्षा तिला कोणत्याही ओरडण्यापेक्षा जास्त लागत होती. द्रव संपला तेव्हा ती दुकानात गेली. दुकानदाराने बाबांची चौकशी केली. बरे आहेत, असं तिने सांगितलं. त्याने विचारलं, आता तीनवरून शून्यावर आणायचं का, बाबांनी पुष्कळ प्रगती केली आहे म्हणून. ती म्हणाली, नको, तीनच द्या. बाहेर येऊन ती तशीच उभी राहिली. मेलेल्या माणसाच्या नावावरही आपण ओढतो आहोत, हे तिला फुटपाथवर, भर उन्हात कळलं.

सप्टेंबरात, चुसोकच्या सणाआधी, घराण्याच्या थडग्यांवरचं गवत कापायला जायचं असतं. बायकांनी जायची पद्धत नव्हती, पण बाबांना दुसरं मूल नव्हतं. गावामागच्या टेकडीवर आजोबांचा मातीचा उंचवटा आहे. त्याच्या पायथ्याशी बाबांची रक्षा पुरून वर सपाट दगड बसवलेला. काका आधीच पोचले होते. गवत कापायचं यंत्र पाठीला बांधून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ते एकटेच राबत होते. तिला बघून त्यांनी यंत्र बंद केलं. म्हणाले, माझी पोरं कंत्राटदार पाठवतो म्हणतात, उद्या मी मेलो की रडायलाही कंत्राटदार पाठवतील. तिला कोयता दिला आणि दगडाभोवतीचं बारीक गवत तिच्याकडे सोपवलं. तासभर दोघं गवत कापत राहिले. कापलेल्या गवताचा ओला, जवळजवळ गोड वास घशात बसला. तिला झुरक्याची तलफ आली, आणि अशा जागी यावी याचं आश्चर्य वाटलं नाही.

मग वाळवलेला मासा, नाशपती, सोजूची दारू असं आजोबांच्या आणि बाबांच्या पुढ्यात मांडून झालं. दोघांनी वाकून नमस्कार केले. काकांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी जाळी बसवली होती, तेव्हापासून त्यांनीही सिगारेट सोडलेली. पण दर वर्षी या दिवसासाठी ते एक पाकीट विकत घेत. एक सिगारेट काढून, तोंडाला न लावता, लायटरच्या ज्योतीत धरून त्यांनी पेटवली आणि आजोबांच्या उंचवट्यापुढच्या दगडाच्या कडेवर ठेवली. वारा बेताचा होता. सिगारेट आपली आपण जळत गेली, कुणीतरी सावकाश ओढत असल्यासारखी. दुसरी काढून काका थांबले.

"दादाने सोडली होती ना?"

"हो. दोन वर्षं झाली होती."

"मेलेल्याला फुप्फुसं कुठली," काका म्हणाले, आणि तरी त्यांनी ती पाकिटात परत सारली. "पण त्याने पाळलेला शब्द मी कशाला मोडू? त्याचं ते मशीन होतं ना, ते आणलंयस का?"

तिच्या खिशातच होतं. ते तिच्या खिशात का, हे काकांना विचारावंसं वाटलं नाही. मुली बापाच्या वस्तू जवळ ठेवतात. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, सोजूच्या पेल्याशेजारी उभं केलं, आणि दोघं मागे सरकून उकिडवे बसले. काहीच झालं नाही. वरच्या सिगारेटची राख वाढत होती. खाली दगडावर ते काळं यंत्र, पेल्यासारखंच गप्प.

काका म्हणाले, "पेटत नाही?"

"ओढल्याशिवाय चालत नाही ते, काका."

"मग मेलेल्याच्या काय कामाचं?" ते थोडं हसले. मग गुडघा चोळत म्हणाले, नाहीतरी ते बिघडलेलंच होतं, दादा म्हणाला होता. हेइनने कधी म्हणून विचारलं. शेवटचा फोन आला तेव्हा, काका म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं, अधूनमधून थांबत, घाम पुसत: दादा काय खुशीत होता त्या दिवशी. थांब्यावरून फोन केला. अठ्ठावीस मार्क म्हणाला, तू पंधराही मिळवायचा नाहीस म्हणाला. गेले दोन महिने त्याला झोप नव्हती. डोकं जातंय आपलं, पोरीला ओझं होणार, कुठे ठेवतील का मला म्हणून विचारून ठेव, असं त्याने मला दोनदा सांगितलं होतं. ते सगळं एकदम उतरलं. मशीनच बिघडलंय, म्हणाला, आकडे चुकीचे दाखवतंय, उद्या दुकानात नेतो. "आणि मला बजावून सांगितलं," काका म्हणाले, "हेइनला बोलू नकोस. तिने हौसेने आणून दिलंय, खराब निघालं म्हटलं तर तिला वाईट वाटेल."

ती दगडाकडे बघत राहिली. एवढे महिने तिने त्या अडतीस मिनिटांत बाबांना बाकावर बसवून तिच्यापर्यंत पोचणारा रस्ता शोधायला लावलं होतं. ते त्या रस्त्याला लागलेच नव्हते. घरात माणसं दोन, आणि त्यांतल्या दुसऱ्यावर संशय घेण्याऐवजी त्यांनी आधी स्वतःला संशयाखाली उभं केलं होतं, आणि स्वतः सुटल्यावर यंत्राला. तिच्यापर्यंत ते शेवटपर्यंत आले नाहीत. ओळखलं असतं, रागावून गेले असते, तर त्या रागाशी तिला काहीतरी करता आलं असतं. ते हसत गेले. एका खोट्यावर विश्वास ठेवून हसत गेले, आणि ते खोटं आता या जगात फक्त तिच्याजवळ आणि काकांच्या भाबड्या आठवणीत उरलं होतं. ती गप्प राहिली तर ते कायमचं खरं होणार होतं.

तिने हात पुढे करून यंत्र उचललं. काका समोर होते, आजोबा वर होते. वडीलधाऱ्यांसमोर पेला ओठाला लावताना वळवतात तशी मान तिने बाजूला वळवली, तोंडापुढे डावा हात धरला आणि ओढलं. बारीक हिरवा दिवा लागला. मनुकांचा वास पसरला. पांढरा ढग तिच्या खांद्यावरून निघून कापलेल्या गवतावर उतरला आणि विरला. काकांचं तोंड किंचित उघडं राहिलं. त्यांच्या डोळ्यांत तोच जुना भाव येताना तिने पाहिला, आवाज खाली आणणारा, आणि या वेळी ती त्यापुढे तशीच बसून राहिली. मग यंत्र दोन्ही हातांनी दगडावर परत ठेवून, काकांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "बाबा, मशीन चांगलं आहे. ते झुरके माझे होते. मी बावीस वर्षं ओढते आहे. तुम्ही काहीही विसरत नव्हता, आणि हे मला त्या दिवशी माहीत होतं."